हार्ड्रॉ फोर्स

लीड्सहून निघालो तेव्हा काचेवर बर्फाची साय होती,
तू ती लायब्ररीच्या जुन्या कार्डानं खरवडलीस.
एप्रिल आहे म्हणे.

लेबर्नपर्यंत मीच बोलत होते.
मग लक्षात आलं, या गाडीत
माझ्याकडे तुझा डावा कान येतो,
आणि डाव्या कानाचं यंत्र तू घरी ठेवलंयस,
हळदीच्या बरणीशेजारी,
मार्चपासून ते तिथंच आहे.
शिट्टी वाजते त्यात, म्हणतोस.
कुकरचीही वाजते. तो काय आपण टाकून दिला?

गप्प बसले. बाहेर बघत राहिले.
दगडावर दगड, मध्ये चुना नाही, माती नाही,
नुसत्या एकमेकांच्या भारावर उभ्या
मैल मैल भिंती.
कुरणात मेंढ्या, कुशीवर निळ्या रंगात आकडे.
सदतीस. तिच्या दोन्ही कोकरांवर सदतीस.
चुकामूक झाली तर कोण कुणाचं ते कळावं म्हणून.
तू गाडी हळू केलीस,
"आपल्यावर कुठला आकडा घालायचा गं?"
"चौदा," मी म्हटलं. आपल्या दारावरचा.
"हो, चहा हॉझला घेऊ," म्हणालास.

दर वसंतात एक धबधबा,
हे तूच ठरवलंस, नोकरी संपली त्या वर्षी.
फार मोठा नको,
दिवे लागायच्या आत घरी परतता येईल असा.
गेल्या खेपेला एस्गार्थ,
त्याआधी वेल्समधला तो,
ज्याच्या नावातले दोन एल
आपल्या जिभेवर शेवटपर्यंत बसले नाहीत.
इकडे धबधब्याला फोर्स म्हणतात,
जहाजांतून आलेल्या जुन्या लोकांचा शब्द,
तू सांगतोस, दर वर्षी.
मी म्हणते, हो का? दर वर्षी.

वाट पबमधून जाते. तिकीट तिथंच.
काउंटरवरच्या पोरानं काहीतरी विचारलं, तू हसलास.
न कळलेल्या सगळ्याला तू असा हसतोस.
पैसे मी दिले.

ओढ्याकाठी रानलसणाचा उग्र वास,
तुझ्या बुटांना चिखल, माझ्या गुडघ्यात कळ,
आणि मग एकदम तो.
कड्यावरून कुणी तांदळाचं पोतं उपडं केलंय
आणि पोतं संपतच नाहीये.

रेनकोटातली एक बाई नवऱ्याला काही सांगत होती,
त्यानं कानामागे हात धरला.
एक पोरगी बापाच्या बाहीला लोंबकळून ओरडत होती,
तो वाकला, मान हलवली, पुन्हा वाकला.
काय? काय म्हणालीस?
जो तो तुझा शब्द तोंडात घेऊन उभा.

तू तेवढा निवांत.
कठड्यावर हात ठेवून.
माझा हात ओढून तिथं ठेवलास,
लाकूड थरथरत होतं, बारीक, सतत.
मग माझ्याकडे वळलास
आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, सांगू लागलास:
ती विचारतेय, किल्ली कुठंय.
तो म्हणतो, तुझ्याच पर्समध्ये.
पोरीला शू लागलीय.

मला सगळं कळलं.
एकतीस वर्षं हे तोंड बघतेय,
शिकवणी कधी झाली कुणास ठाऊक.

मग मीही बोलले.
दोन वर्षं जे जिन्यातून, न्हाणीघराच्या दाराशी,
फोनवर मुक्ताला मध्ये घेऊन
ओरडून सांगत आले,
ते हळू सांगितलं.
तू पाहिलंस, पुरतं.
उत्तर दिलंस.
चष्म्यावर तुषार होते, तू ते पुसले नाहीस.

हॉझला चहा. सोबत चीजचा तुकडा,
आणि फ्रूटकेक, तो इथं चीजबरोबर खातात,
तू अजून नाक मुरडतोस आणि माझा संपवतोस.

परतताना मी किल्ली मागितली.
या अरुंद रस्त्यांवर मला घाम फुटतो, तुला ठाऊक आहे.
काही न विचारता दिलीस.
आता तू डावीकडे, मी उजवीकडे,
माझ्या बाजूला तुझा चांगला कान.

एस्गार्थ यायच्या आतच तू झोपलास.
मी बोलतच होते.