दुसरा हात

लॉगबुकावर शेवटची सही उद्या देतो, म्हणाले अधीक्षक.
उद्या म्हणजे आज. आज ते चंद्रपूरला मीटिंगला.
म्हणून बॅग भरूनही मी अजून इथेच,
सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीवर.
नो ड्यूजच्या कागदावर भांडारपालाने लिहिलंय:
टॉर्च एक, परत मिळाली. सेल नाहीत.

सेल मीच संपवले.
ऑगस्टात, लाइन गेली त्या रात्री,
भागरथाबाई लोनबलेंच्या हातावर शीर शोधताना.
वालाच्या वाळल्या वेलीसारखा हात.
टोचलं, फुगलं. पुन्हा टोचलं. पुन्हा.
माझ्या कपाळावरचा थेंब तिच्या मनगटावर पडला
तशी म्हातारी म्हणाली,
"रडू नको बाई. दुसराही हात हाय ना मले."
घाम होता तो.
बहुतेक घामच.

पुस्तकात 'कसंतरीच' नावाचा आजार नव्हता.
इथे ओपीडीत रोज वीसेक जणांना तोच.
"काय होतंय?"
"कसंतरीच होऊन रायलं, मॅडम."
"कधीपासून?"
"रोवणी झाली तवापासून."
मी मिरजेची. पहिला आठवडा तारखा मागत राहिले.
मग केसपेपरवर लिहायला लागले:
ताप, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळपासून.

धानाच्या बांधीतून ऋषी गुरनुलेला आणलं,
सोबत पाण्याच्या बाटलीत मेलेली घोणस,
शेपूट बाहेर.
काचेच्या नळीत दोन मिली रक्त.
वीस मिनिटं हलवायचं नाही.
त्याचा भाऊ घड्याळाकडे बघत, मी नळीकडे.
इतका वेळ मी कुणाशेजारी गप्प बसले नव्हते,
आईशेजारीसुद्धा.
नळी तिरपी केली.
पाण्यासारखं वाहिलं.

रात्रभर थेंब मोजले, पापण्या उचलून पाहिल्या,
लघवीचा रंग पाहिला.
पाचव्या दिवशी तो चालत गेला. आभार वगैरे काही नाही,
गेटपासून परत आला फक्त बाटली मागायला.
चांगली बाटली होती.

पहिलं मृत्यूचं प्रमाणपत्र भागरथाबाईचंच.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं,
हृदयक्रिया बंद पडल्याने.
इंदू सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं:
"ती तं सगळ्याइचीच पडते, डॉक्टर.
कशानं, ते लिहा."
लिहिलं. अक्षर सुरेख आलं, याचीच लाज वाटली.
मग औषधांच्या खोलीत सलाइनच्या बाटल्या मोजत बसले.
एकशे चौदा.
रजिस्टरात एकशे अकरा.
तीन जास्तीच्या कुठून आल्या,
ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

नवा इंटर्न सकाळच्या एसटीने आला. निहाल.
कोटावर दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच.
ड्रेसिंगच्या खोलीत दार लोटून हळूच विचारलं,
"मॅम, पहिल्यांदा शीर कशी लागली तुम्हाला?"
मी डावी बाही वर केली.
चुकला. सॉरी म्हणाला. सुई काढताना पुन्हा सॉरी.
ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.
पण ते माझं नव्हतं.
मी नुसतीच उजवी बाही वर केली.

या वेळी लागली.
दारातून इंदू सिस्टर:
"झाला का तुमचा खेळ? तीन नंबरची सलाइन संपली."
निहाल धावला. मीही अर्ध्यापर्यंत उठले,
मग आठवलं.

सही साडेचारला झाली, जीपच्या बॉनेटवर.
सिस्टरांनी वर्तमानपत्रात सांबारवडी बांधून दिली,
आणि एवढंच म्हणाल्या, गरम हाय तवर खा.

नागभीडच्या स्टँडवर चहाचा ग्लास उचलला
तर डावा हात ठणकला.
उजव्यात घेतला. तोही, थोडा.
चहा फार गोड होता.
पाठीमागे कुणीतरी कंडक्टरला सांगत होतं,
सकाळपासून कसंतरीच होऊन रायलं,
आणि मी वळून विचारलं,
कधीपासून.