उभी गाडी

नाना पेठेत, टायरवाल्यांच्या पलीकडे माझा पाट.
वीतभर उंच.
एकतीस वर्षं त्यावर बसून
मी लोकांचे शॉकॲब्सॉर्बर बदलले.
माझे कधी गेले, कळलं नाही.

कळलं ते एका मंगळवारी.
स्कूटरचं इंजिन हातात, मी अर्धा वाकलेला,
आणि कमरेत कुणीतरी
तापली सळई आडवी घातली.
इंजिन पोराने काढून घेतलं.
मला काढून घ्यायला चौघं लागले.

मग एमआरआय. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती
जराशी बाहेर आलेली.
मी फिल्म उजेडाकडे धरली,
स्पार्कप्लग धरतो तशी.
म्हटलं, वॉशर गेलाय.
ओरिजिनल मिळेल का?

तीन आठवडे पडून काढले.
तीन शेजाऱ्यांनी तीन तेलं दिली,
शमीमने पट्टा आवळला,
नमाज खुर्चीवर बसून.
उठलो तेव्हा अख्खा मीच लाकूड.

डॉक्टर ढमढेरे, रास्ता पेठ, पहिला मजला.
कंबरदुखीचा दवाखाना आणि अठरा पायऱ्या!
मागाहून कळलं,
बाई वरून बघत असतात, माणूस चढतो कसा.
माझ्या धाकटीच्या वयाच्या.
दोन दिवस शेक दिला, करंट दिला,
कमरेवर मुंग्या चालल्या सुरेख.
तिसऱ्या दिवशी म्हणाल्या,
"हे झालं पाहुण्यांचं चहापाणी. आता काम."

पालथे व्हा. कोपरांवर या.
आता तळव्यांवर. पोट तिथंच राहू दे.
"पाय कमी दुखतोय?"
हो.
"कंबर जास्त?"
हो, हो!
"छान."
दुखणं वाढल्यावर छान म्हणणारं माणूस
मी पहिल्यांदा बघितलं.

मग उताणा, गुडघे उभे, बूड वर.
"श्वास कोंडू नका मिस्त्री, टाकीचं झाकण लावल्यासारखा."
मग मांजर व्हा. मग उंट व्हा.
साठीला आलेला माणूस मी,
शेजारच्या खाटेवरची कॉलेजची मुलगी तोंड दाबून हसली.

भांडलो एकदा.
म्हटलं, मॅडम, घासलेल्या पार्टला आराम देतात.
वापराल तेवढा झिजतो.
गुडघ्यावर हातोडी मारता मारता त्या थांबल्या.
"दोन वर्षं कव्हर घालून उभी ठेवलेली गाडी
येते का हो तुमच्याकडे?"

येते. सदाशिव पेठेतून हटकून येते.
मालक मुलाकडे, परदेशात.
गाडी फिरली अकरा हजार, ओरखडा नाही,
आणि पिस्टन जाम,
कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक.
मालक म्हणतात, अहो, जपली होती हो!
मी म्हणतो, काका, गाडी चालवायची असते.

खाटेवर पडल्या पडल्या
माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं.
मी गुमान पाय उचलला.

आता पाट भिंतीला टेकवलाय.
गाडी बाकावर, मी उभा.
अर्ध्या तासाने हात कमरेवर, मागे वाकायचं, दहादा.
समोरचा क्लचप्लेटवाला पारेख विचारायचा,
काय चाचा, विमान बघताय?
गेल्या गुरुवारी बघतो तर
अर्ध्या शटरमागे तोही विमान बघतोय.

सगळं गेलं असं नाही.
सकाळी चार मिनिटं कळ असते, मोजे घालताना.
मोजे हा अजून अवघड प्रश्न आहे.
पण एका शुक्रवारी कपाळ जमिनीला टेकलं.
उठायला उशीर लावला मुद्दाम.

आणि काल पोरगं इंजिनाला हात घालून
कमरेतून वाकलं, अगदी माझ्यासारखं.
मी ओरडलो, गुडघे! आधी गुडघे!
ते दचकून थांबलं,
इंजिनाच्या खालून, वरून, मागून बघत राहिलं,
स्कूटरला गुडघे कुठे असतात ते.