हिरवा त्रिकोण

चंद्रावतीमावशीच्या कॉम्प्युटरला
बायका लागल्या होत्या, असं तिचंच म्हणणं.
"कोण कोण येतात रे, ओळख ना पाळख,
अंगावर धड कपडेसुद्धा नाहीत."

मांद्र्यातलं झेरॉक्सचं दुकान अर्ध्या शटरवर टाकून
मी केरीला आलो. चप्पल काढतोय तोवर
आतून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं:
अभिनंदन! तुम्ही जिंकला आहात!
मावशी म्हणाली, "दिवसातून दहादा जिंकते मी.
वीजबिलाला मात्र शंभर कमी पडले."

स्क्रीनवर जागाच नव्हती.
गुडघ्यांच्या तेलावर कर्ज, कर्जावर कॅसिनोची बोट,
मिटवायच्या फुल्या कणीएवढ्या बारीक,
आणि फुली दाबली की तीच दार उघडणारी.
या सगळ्यांच्या मागे
पांढऱ्या गणवेशातल्या प्रज्योतचा
एक कान तेवढा दिसत होता.

घाडी विचारतो तसं मी विचारलं,
कुठून आलास, कुणाच्या हातून आलास?
यादी तारखेनं लावली की झाडही बोलतं.
सगळे एकाच रात्रीचे पाहुणे:
एकोणीस जून, दोन वाजून दहा मिनिटं.
टूलबार, कूपनवाला, हवामान सांगणारा,
आणि मशीन जलद करून देतो म्हणत
त्याची बैलगाडी करणारा तो.

"त्या रात्री काय उतरवलंस, मावशी?"

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"तेरा दिवस त्याचा फोन नव्हता.
टीव्हीवर जहाजं जळताना दाखवत होते.
इथे लिहिलेलं, जहाज कुठे आहे ते दिसतं, फुकट.
मी पुढे, पुढे, पुढे दाबत गेले.
चौकटींत खुणा आधीच केलेल्या होत्या.
मला वाटलं, कुणीतरी वाचूनच केल्या असतील."

एकेकाला उचलायला लागलो.
काढू? नक्की काढू?
एक वर्ष फुकट राहतो, थांबू दे ना.
एकानं तर जाताना रडका चेहरा दाखवला.
ब्राउझरच्या खिशातून चार निघाले.
सतरा जणांना तिनं कधीतरी
सूचना पाठवायला हो म्हटलं होतं,
सतरांनाही नाही म्हटलं.
मग तपासणी लावली, अर्धा तास,
तोवर सोलकढी झाली, वीज एकदा जाऊन आली.

शेवटी उरलं जहाजवालं.
मूळ तेच. बाकीचे त्याच्याच बोटाला धरून आलेले.

"ता काडू नको."

निळा नकाशा. मधे एक हिरवा त्रिकोण.
"पोदेराचा भोंपू वाजला की मी पयली ह्या बघते.
आसा. जाग्यार आसा."

मी त्रिकोणावर टिचकी मारली.
हलला नाही, नाव नाही, वेग नाही.
नुसतं चित्र. एकोणीस जूनपासून तिथंच.
चौदाव्या दिवशी प्रज्योतचा फोन आला होता,
मग सिंगापूरहून त्यानं तिला बूट पाठवले,
त्रिकोण मात्र अरबी समुद्रात उभा.
हे कसं सांगावं, म्हणून मी माउस पुसत बसलो.

"माका कळत नाय काय रे," मावशी म्हणाली.
"पाण्यात कोण चार महिने एका जाग्यार रवता?
माझ्या घोवान बार्जीवर जन्म काढलो."

थोड्या वेळानं:
"पण माझ्या डोळ्यांक एक जागा लागता."

काढलं.
त्याआधी नकाशा पेनड्राइव्हवर घेतला.
जाहिराती अडवणारा एक राखणदार बसवला,
तिनं विचारलं, ह्याका रोट लागतलो?
म्हटलं, नाही. फक्त कुणी फुकट काही देऊ लागला
तर आधी मला फोन कर. खुणा आधीच केलेल्या असल्या
तर तू त्या पुसायच्या. आणि पुढे दाबण्याआधी वाच.
"चष्मा लावून?"
चष्मा लावून.

दुकानात रंगीत शाई संपलेली.
नकाशा काळापांढरा निघाला,
समुद्र राखेचा, त्रिकोण जेमतेम.

दुसऱ्या दिवशी पाहिला, कॉम्प्युटरच्या वर, भिंतीवर.
त्रिकोणात कसलासा हिरवा पाला चोळलेला.
खाली स्क्रीनवर प्रज्योत, दोन्ही कानांसकट.
"बारीक झालो," ती म्हणाली,
आणि भोंपू वाजला तशी पाव घ्यायला गेली.