वाघाटी

धानाच्या कडप्याखाली विळा अडला तो रायवंताचा.
"उंदरं हायेत," ती म्हणाली, आणि मागे सरली.
उंदरं असे फिस्कारत नाहीत.

दोन होती. मुठीएवढी.
डोळे निळसर, अजून काहीच न बघितलेले.
पाठीवर गंजाचे ठिपके,
पावसाळाभर धुऱ्यावर विसरलेल्या विळ्यावर चढतात तसे.

"बिबट्याची पोरं!" कोणी ओरडलं
आणि अख्खी बांधी धुऱ्यावर चढली.

वनरक्षक आला, टेकाम आडनावाचा, नवा पोरगा.
उकिडवा बसला. "बिबट नोहे बाई, वाघाटी.
घरच्या मांजरीहून लहानच राहते."
आम्ही हसलो. वाघाटी तं येलावर लागते,
आखाडात भाजी करतो तिची, कडू काढून.
तो म्हणाला, "तीही कुठं दिसते आता?"
मग कोणी हसलं नाही.

लहानपणी बापानं असंच एक पिल्लू घरी आणलं होतं.
गाईचं दूध, कापसाची वात, चुलीजवळची ऊब.
तिसऱ्या दिवशी मी ते मोहाखाली पुरलं.
हे टेकामला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, हात नको लावू. तिथंच राहू दे.

मालक म्हणाला, राहू द्या तेवढा तुकडा.
मग बोटांवर हिशोब करून म्हणाला,
मजुरीतून कापीन.

ऐनाच्या बुंध्याला कॅमेरा बांधून
त्यानं आम्हाला घरी धाडलं.
सकाळी चित्र दाखवलं:
दोन वाजून चाळीस मिनिटं,
काळोखात दोन ठिणग्या
आणि तोंडात लोंबणारं पोर.
एकच.

दुसरं दिवसभर धानात ओरडत राहिलं,
बारीक, गंजल्या कडीसारखं.
रायवंताचं पोर अंगावर पितं.
दुपारी तिचं पोलकं ओलं झालं.
"काय येडं आंग हाये," ती म्हणाली
आणि पाठ फिरवून कापत राहिली.

त्या रात्री थंडी होती. कुत्रे आम्ही बांधून ठेवले,
पाटलाचासुद्धा.
उजाडता तुकड्यात कोणी ओरडत नव्हतं.
टेकाम चित्रं बघेपर्यंत आम्ही विळे हातातच धरून होतो.
मग तो नुसता हसला.

मजुरी कापली ती कापलीच.
तुकड्यातलं धान झडलं,
पाखरांनी नेलं, उंदरांनी नेलं,
उंदरांमागे कोण आलं ते कॅमेऱ्याला ठाऊक.
चैतात बोडीच्या पाळीवर तीन दिसल्या म्हणे.
टेकामनं वहीत तीन लिहिलं, आकड्यात आणि अक्षरातही.

आखाडात रायवंताला काट्यांत वेल सापडली.
चार वाघाट्या होत्या.
दोन तोडल्या.