मधली चित्रं

स्टुडिओत माझं काम मधलं.
पहिलं चित्र दुसरं कुणी काढतं, शेवटचंही.
मुलगी दारात. मुलगी रस्त्यावर.
दारातून रस्त्यापर्यंत तिला मी नेते
अकरा कागदांवरून, केस थोडे थोडे मागे टाकत.
नेरिमाच्या या तिसऱ्या मजल्यावर
मधलं माझ्याइतकं कुणालाच जमत नाही
असं साहेब म्हणतात, आणि पगार वाढवत नाहीत.

वही माझ्याकडे आहे.
आम्हा चौघांत फिरायची ती:
मिनेओ, काझुहा, इतारू, मी.
एक दिवस एकाकडे. काहीही लिहायचं
आणि खालच्या कोपऱ्यात मांजर काढायचं,
आधीच्यापेक्षा सूतभर पुढं सरकलेलं.
अंगठ्याखालून पानं सोडली की मांजर पळायचं.
मिनेओची पाळी आली की त्याचा मुळा व्हायचा,
क्षणभर मुळा पळायचा,
मग पुन्हा मांजर.

इतारू इस्पितळात गेला तशी वहीही जायला लागली
योनेशिरोच्या पुलावरून, काझुहाच्या सायकलच्या टोपलीत.
तिथं त्याचं मांजर भिंतीवर चढलं.
एकदा त्यानं लिहिलं,
सायोको शेपूट काढायला विसरते. नेहमी.
एवढंच.
खरं होतं.
मी रुसले.

दहाव्या वर्षी रुसवा किती दिवस टिकतो?
सोमवारी देऊ म्हटलं. मग गुरुवारी.
मग बर्फ पडला.
मग म्हटलं, त्यानंच मागावी.
त्यानं मागितली. काझुहा निरोप घेऊन आली,
नाक लाल, हातमोजा एकच.
मी म्हटलं, सापडत नाहीये.
दप्तरात होती.
बाविसाव्या दिवशी शाळेत आमचे वर्ग लवकर सोडले
आणि का सोडले ते कुणी सांगितलं नाही.

शेवटचं मांजर त्याचं आहे.
भिंतीवरून झेप घेतलेलं, चारही पाय हवेत,
शेपूट जरा जास्तच झुबकेदार. मुद्दाम.
पुढचं पान कोरं.

एकोणीस वर्षांनी, ओबोनला, आम्ही तिघं त्याच्या घरी.
आईनं काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केलाय,
वांग्याची गाय.
गेलेली माणसं घोड्यावरून येतात, लवकर पोचावीत म्हणून,
आणि गाईवरून परततात, रमतगमत.
यंदा गायीनं फतकल मारलीय, आई म्हणाली,
पाय नीट बसले नाहीत.
बरंच झालं.

दुसऱ्या बिअरला मिनेओ म्हणाला,
मी त्याला हसवलं होतं. टाके ओले होते.
तो पोट धरून ओरडला, नर्सनं मला बाहेर काढलं.
मिनेओ आता विमा विकतो.
त्यानं सांगितलेला विनोद आमच्यापैकी कुणी
त्यानंतर ऐकलेला नाही.

मग मी वही टेबलावर ठेवली.
दप्तर, बर्फ, बावीस दिवस, सगळं सांगितलं.
काझुहा वहीकडे बघत राहिली.
म्हणाली, मला वाटायचं खोटं फक्त मीच बोलले.
काय?
त्यानं रोज विचारलं. मी सांगितलं,
सायोको खूप मोठं मांजर काढतेय,
पानभर. म्हणून वेळ लागतोय.
आणि तो?
म्हणाला, मग तिला सांग,
घाई करू नको.

स्वयंपाकघरात कलिंगड कापणारी सुरी थांबली.
थोड्या वेळानं पुन्हा चालू झाली.

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की माणूस रडतो.
मी पेन्सिल शोधली. पर्समध्ये तीन असतात, कामाच्या.
हात कामावर थरथरत नाही, तो थरथरला.
कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात
आधी शेपूट काढलं.
मग बाकीचं मांजर,
त्याच्या मांजराहून सूतभर खाली.

भिंत उंच काढली होती त्यानं.
जमीन अजून बरीच लांब आहे.
वही मी मिनेओकडे सरकवली.