साठ रुपयांचा बुरूज

'सोमवारी न्यायचंय,' ती म्हणाली, शुक्रवारी रात्री,
मी ड्यूटीवर निघताना, बुटाची नाडी हातात.
ऐतिहासिक वास्तूची प्रतिकृती. गुण वीस.
खाली लाल शाईची दुहेरी रेघ.
विराजच्या पप्पांनी वाशीला शनिवारवाडा सांगून ठेवलाय,
अठराशे रुपये, आतल्या दिव्यांसकट.
माझ्याकडे साठ होते. पगाराला नऊ दिवस.

सीवूड्सच्या टॉवरखाली, रात्री अडीचला,
कचऱ्याच्या खोलीत बॅटरी घेऊन मी किल्ला शोधला.
अकराव्या मजल्यावर नवा फ्रिज आलेला:
त्याचा खोका माझ्या छातीएवढा, कोरडा.
बुटांचे तीन डबे.
पुठ्ठ्याच्या चार नळ्या, कशाच्या ते घरी सांगितलं नाही.
सकाळी सगळं डोक्यावर घेऊन दिवाळे गावापर्यंत चालत आलो.
नाक्यावरचा रिक्षावाला म्हणाला, काय, खोली बदलली का?

'लाल किल्ला करू.'
'लाल रंग किती लागेल, माहितेय?'
'मग ताजमहाल.'
घुमटाला फुगा, फुग्यावर कागद,
आणि मिनार चारही सरळ यायला हवेत.
बराच वेळ आम्ही खोक्याकडे बघत बसलो.
मग तीच म्हणाली,
'बेलापूरचा किल्ला तर पडलेलाच आहे, पप्पा.
पडका स्वस्तात होईल.'

रविवारी उजाडताच बघून आलो.
पाच वर्षं इथे राहतो, पण पहिल्यांदाच.
एक बुरूज, उरलेली भिंत, भिंतीतून फुटलेला पिंपळ;
मुळांनी दगड धरून ठेवलेत की ढकलतायत
ते काही कळेना.
तन्वंगी पावलांनी मापं घेत होती. 'बावीस.
आता तुम्ही मोजा.'
माझी चौदा भरली.
आम्ही वहीत अठरा लिहिलं.

फेविकॉल वीस, ब्रश पंधरा, राखाडी रंग पंचवीस.
झाले साठ.
अंडेवाल्याने फुटके ट्रे फुकट दिले,
ते भिजवून, पिळून, दगड वळले.
नारळाची शेंडी पिंजून पिंपळाची मुळं.
वाळवलेला चहाचा चोथा म्हणजे शेवाळ, माती, जुनेपणा, सगळंच.
फेविकॉल दुपारीच संपला. मग गव्हाच्या पिठाची खळ,
दुधाच्या पातेल्यात.
तिची आई दारातून म्हणाली,
'पाडायला तोफा लागल्या असतील,
बांधायला माझं पातेलंच सापडलं?'
पण बसली, आणि सांडशीने भिंतीला तडे पाडून दिले,
आमच्यापेक्षा चांगले.

खालून भुयार जातं म्हणे घारापुरीपर्यंत,
घरमालकाच्या आईने सांगितलेलं.
तन्वंगीने डब्याला भोक पाडून एक नळी बसवली,
जमिनीवर पालथी पडून आरपार पाहिलं.
'घारापुरी नाही दिसत.
तुमचा अंगठा दिसतोय.'

मी रात्री निघालो तेव्हा ती जागीच होती.
बाटलीच्या निळ्या झाकणाला काड्यापेटीच्या चार काड्या,
मागे टेकायला पुठ्ठ्याचा तुकडा.
बुरुजाच्या पायथ्याशी ठेवली ती खुर्ची.
'किल्ल्याला रात्रीचं कोणी नको?'
मी कॉलर नीट केली. शिट्टी खिशात आहे का बघितली.
होती.

सोमवारी संध्याकाळी वही उघडून समोर धरली.
वीसपैकी अकरा.
शेजारी मॅडमचं बारीक अक्षर: काम अपूर्ण.
'तू सांगितलं नाहीस का, तो तसाच आहे म्हणून?'
'सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पूर्ण होता तेव्हाचा करायचा.'
'मग?'
'मी म्हटलं, तेव्हाचा मी पाहिला नाही.'
यावर मी काय बोलणार होतो.
शनिवारवाड्याला एकोणीस मिळाले. त्याचे दिवे, म्हणाली,
दुसऱ्या तासाला गेले.

आता तो कपाटावर आहे, कॅलेंडरला टेकून.
खळीचा वास मुंग्यांना लागलाय,
पूर्वेकडची भिंत पोखरून त्यांनी रांग लावलीय
थेट भुयारातून बाहेर.
आई म्हणते, फेकून द्या.
तन्वंगी स्टुलावर चढून रोज बघते,
काय पडलं, काय उरलं,
आणि मला ड्यूटीवरून आल्या आल्या सांगते:
'पप्पा, आज आणखी खऱ्यासारखा झालाय.'

खुर्ची तेवढी तिने हलवली,
मुंग्यांच्या वाटेतून, जरा बाजूला.