पाऊण लिटर

मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीनचे.
शनिवारी मशीनवरून उतरलास
की रविवारी तू सगळ्यात हलका असतोस,
म्हणून रविवारच.

ऐरोलीतून पहाटे पाचला.
हरेश्वर मढवी गाडी देतोय, वर स्वतः चालवतोय.
पेट्रोलचं नाव काढलं तर म्हणाला,
वहिनी, मंग मी येतच नाय.
सहाच्या आत शिळफाटा ओलांडायचा,
नाहीतर माळशेज राहील बाजूला
आणि दुपारपर्यंत बघत बसू
पुढच्या ट्रेलरचं बूड.
शहाडचा पूल. मुरबाड. सरळगाव. टोकावडे.
डायलिसिसच्या चार्टच्या पाठीवर
तू रस्ता काढलास, एकदाही पेन न उचलता.
तीस वर्षं पाणीखात्यात गेलेला माणूस,
जलवाहिनी टाकावी तसा काढलास:
चढ, उतार,
आणि हवा अडकते त्या जागांवर फुल्या.

केतकीचा फोन आला.
आई, दरडी कोसळतात, दारुडे असतात,
बंदीचा आदेश निघाला असेल,
टीव्हीवर लावून बघा ना धबधबे.
मी म्हटलं, आदेश बघून घेतला गं,
आणि लांबूनच बघणार आहोत, काचेतून.
ती गप्प झाली. तिला रडायचं असलं
की ती आधी पाऊस आहे का विचारते.
तिने विचारलं.

आता पाणी.
दिवसाला पाऊण लिटर.
त्यात चहा आला, आमटी आली,
गोळीबरोबरचा घोट आला,
जिभेवर धरायचा बर्फाचा खडाही आला.
मी मांडते आहे:
निघताना चहा, अर्धा कप.
सकाळच्या गोळ्या, तीन घोट, तेही तुझे नाही, माझ्या मापाचे.
मुरबाडला काही नाही.
मुरबाडला मला उतरायचंय,
तुला तर आता लागतच नाही.
हे आपण दोघं असताना हसून म्हणतो,
हरेश्वरसमोर म्हणायला अजून जमलेलं नाही.
घाटात कणीस, अर्धं, मीठ न चोळता.
शहाळं नाही. केळी नाहीत.
बटाटे चिरून रात्रीच पाण्यात घातलेत,
ते पाणी ओतायचं, पुन्हा उकळायचं, पुन्हा ओतायचं,
चव गेली की मग भाजी.

तू चष्मा वर सरकवून विचारलंस,
तुषार उडाले तोंडावर, तर ते धरायचे का हिशेबात?
मी म्हटलं, ओठ मिटून घे.
एवढ्या पाण्यासमोर? म्हणालास,
आणि हसता हसता खोकलास.
मला माहीत आहे तू तिथे काय करशील.
डोळे बारीक करून कड्याकडे बघशील,
मनात रुंदी धराल, वेग धराल—
अहो-जाहो येतं तोंडात आपोआप, तू साहेब झालास की—
आणि सांगशील,
एका सेक्टरला आठवडाभर पुरेल एवढं
आत्ता आपल्या देखत वाहून गेलं.

रात्री तू झोपलास की
डाव्या हाताच्या फिस्टुलावर मी कान ठेवते.
डॉक्टरांनी बोटाने बघायला सांगितलंय,
मी कान ठेवते.
आत काहीतरी धावत असतं,
दगडगोट्यांतून गेल्यासारखं, न थांबता.
ते ऐकू आलं की मी दिवा बंद करते.
तुला सांगितलेलं नाही हे.
माळशेजही खरं तर तूच काढलंस,
मी फक्त डबे भरते आहे.

छत्री, नॅपकिन, गोळ्यांची डबी, फाइलची झेरॉक्स,
जवळच्या सेंटरचा नंबर दोन ठिकाणी लिहून.
साडेचारचा गजर.
ओट्यावर तुझी बाटली,
मार्करची रेघ मीच मारलेली.
पाणी रेघेच्या वर आहे, बोटभर.
भरून तूच ठेवली असणार, मी अंघोळीला गेले तेव्हा.

झाकण घट्ट लावलं.
पिशवीत उभी ठेवली, नॅपकिनच्या आधाराने.